चार हातांचं कॅलेंडर

आयुष्यात दोनदा मला चार हात मिळाले. पहिल्यांदा रंगाचे, दुसऱ्यांदा लाकडाचे. पहिल्यांदा मला कुणी विचारलं नाही, दुसऱ्यांदा विचारलं. आणि दोन्ही वेळा निस्तरायची पाळी माझ्या दोन खऱ्या हातांवरच आली.

कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आम्ही राहायला आलो तेव्हा शेजारणींना कुठून तरी कळलं की ही बाई सिनेमात होती. तेव्हापासून दोरीवरचे कपडे राख झटकून घरात नेईपर्यंतही मला कुणी सुखाने सोडत नाही. हिरो खरंच तेवढे गोरे असतात का? पावडर लावल्यावर आपणही असतो. रडताना खरं रडायचं का? मला कुणी रडायचं काम दिलंच नाही. मग सोडलं कशाला? इथे मी कुकरची शिट्टी झाली म्हणून आत जाते. या प्रश्नाचं एक उत्तर माझ्याजवळ पक्कं होतं. बाबांसाठी सोडलं, असं मी मनाशी धरून चालले होते. ते उत्तर सगळंच्या सगळं चुकलेलं होतं, हे मला गेल्या जूनमध्ये कळलं, आणि अजून माझी चिडचिड गेलेली नाही.

बाबा नागपूरच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. छप्पन साली आमच्या अख्ख्या वस्तीने दीक्षा घेतली तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबांना वाचता येत नव्हतं. बावीस प्रतिज्ञांचा छापील कागद मी त्यांना वाचून दाखवायची, रोज संध्याकाळी, त्यांच्या पाठ होईपर्यंत. घरातले देव त्यांनी एका पोत्यात भरले आणि नेले. कुठे नेले ते आम्ही विचारलं नाही. आईने फक्त समई दिली नाही. "दिव्यानं काय केलं?" म्हणाली, आणि ते बाबांना पटलं. बाबा पटवून घेणारे होते, पण एकदा पटलं की जागचे हलत नसत. आमच्या घरात कोणत्या गोष्टीला जागा नाही हे वस्तीतल्या इतर कुणाहीपेक्षा मला चांगलं ठाऊक होतं, कारण तो कागद माझ्याच तोंडून घरात आला होता.

मॅट्रिक झाले त्या वर्षी आई आणि मी गांधीबागेत साड्या घ्यायला गेलो. मामेबहिणीचं लग्न होतं आणि ठोक दुकानात स्वस्त पडेल असा आईचा हिशेब. तेव्हा साडी दाखवायची पद्धत अशी, की दुकानातला माणूस पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकायचा आणि आरशासमोर वळून दाखवायचा. त्या दुकानातल्या माणसाला भरघोस मिशा होत्या. काटोलचा एक व्यापारी समोर बसून कंटाळला होता. त्याला काही पसंत पडेना.

शेठ आईला म्हणाला, "माँजी, बिटिया को एक मिनट खडी कर दो. सिर्फ पल्लू लेना है."

आई म्हणाली, "मंग आमाले भाव कमी लावसान?"

मी पदर घेऊन उभी राहिले. काटोलच्या माणसाने सगळा गठ्ठा घेतला. माझं सगळं करिअर त्या एका मिनिटात येऊन गेलं असं आता वाटतं. पुढे मी जे काही केलं ते हेच, कुणाचं तरी कापड अंगावर घेऊन उभं राहणं.

शेठने दिवाळीच्या हंगामासाठी मला रोजीवर बोलावलं. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि एक अट घातली.

"दुकानात सकाळी त्यायची आरती होत असन. तवा तू हात जोडाचे नाई. अपमानबी कराचा नाई. बाजूले होऊन जायाचं."

मी बाजूला होत असे. आरती सुरू झाली की मी मागच्या खोलीत जाऊन साड्यांच्या घड्या घालायची, घंटा थांबली की बाहेर यायची. शेठच्या ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. त्याने चालू दिलं. घड्या चांगल्या पडत होत्या.

दोन हंगाम मी उभी राहिले. काटोल, उमरेड, वर्धा, सगळीकडचे दुकानदार येत आणि माझ्याकडे न बघता माझ्या अंगावरचं कापड बघत, आणि मला ते बरं वाटे. मग शेठने सीताबर्डीच्या एका स्टुडिओत माझे फोटो काढवले. त्यांची काचेची स्लाइड केली. इंटरव्हलमध्ये शेंगदाणेवाला ओरडत असताना पडद्यावर मी दहा सेकंद दिसायची, निळ्या साडीत, हनुवटीवरच्या तिळासकट. वस्तीतल्या बायका सिनेमा अर्धा झाला की मला बघून घेत आणि दुसऱ्या दिवशी सांगत, "अवं, तुह्या डोक्यावरून पाल गेली काल." पडद्यावर पाल होती. माझा काय दोष?

तिसऱ्या दिवाळीला शेठने कॅलेंडर काढलं. मला म्हणाला, "बेटी, तेरे लिए सरप्राइज है." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मला आवडेल अशी गोष्ट कुणी गुपचूप केल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

फोटो माझाच होता. सीताबर्डीला काढलेला, लाल साडीतला. पण पेंटरने साडीखाली कमळ काढलं होतं, डोक्यावर मुकुट, मागे दोन हत्ती, आणि माझ्या खांद्यांमागून आणखी दोन हात. त्या हातांतल्या बांगड्या माझ्या हातांतल्यांपेक्षा चांगल्या होत्या. तीळ मात्र त्याने प्रामाणिकपणे ठेवला होता. खाली दुकानाचं नाव आणि वर्षभराचे महिने.

"शेठजी, हे काय केलं?"

"लक्ष्मीजी! दिवाली पे और क्या छापूँ? पसंद नहीं आया?"

मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो भला माणूस खरोखर गोंधळला. माझा मान वाढवला असंच त्याला वाटत होतं. आणि तोवर बरीच कॅलेंडरं वाटून झाली होती. दोन साड्या घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक फुकट. आमच्या वस्तीतल्या बायका माझ्या ओळखीने त्याच दुकानातून साड्या घेत. म्हणजे मी घरी पोचायच्या आधी माझे चार हात वस्तीत पोचले होते.

गल्लीत शिरले तर शेजारची मावशी दारातच उभी. आमच्या वस्तीतली सगळ्यात तिखट बाई.

"ये वं, ये. आमी म्हणून राह्यलो होतो, पोरीचे दोनाचे चार हात करा, चार हात करा. तं तू लग्नाआधीच करून आली!"

मी म्हटलं, "मावशी, मस्करी नको. भिंतीवर लावलं काय तुम्ही?"

"लावलं ना. ये, पाहा."

तिने लावलं होतं. पण वरचे दोन हात, मुकुट, हत्ती आणि कमळ, सगळ्यावर पांढरा कागद कापून खळीने चिकटवला होता. उरली होती फक्त मी, बर्फात उभी असल्यासारखी. मावशी म्हणाली, "आमची पोरगी ठेवली. बाकी सामान त्याचं, त्यानं घेऊन जावं."

गल्लीत बाकीच्यांनीही तसंच केलेलं निघालं. कुणी कागद चिकटवला, कुणी चुना फासला. एका घरी खळी जास्त झाली आणि माझा एक खरा हातही गेला. देवीला घरात घ्यायचं नाही आणि मला घराबाहेर काढायचं नाही, यावर वस्तीने एका दुपारी, कुणालाही न विचारता, तोडगा काढला होता. मला वाटलं, संपलं. सगळे एवढे शहाणे वागले तर बाबाही वागतील.

बाबा पाळीवरून आले. मावशीच्या भिंतीवर त्यांनी ते पाहिलं. कागदावर बोट ठेवून, त्याखाली झाकलेले हात दिसतील असं उजेडाकडे वळून पाहिलं. मग घरी आले, हातपाय धुतले, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्या दिवशी ते घरोघर गेले. प्रत्येक घरातून माझं कॅलेंडर उतरवून मागितलं आणि बदल्यात गिरणीच्या युनियनचं साधं, आकड्यांचं कॅलेंडर दिलं. कुणी नाही म्हटलं नाही. मग सायकल काढून ते गांधीबागेत गेले.

दुकानात काय झालं ते मला कधी कळलं नाही. परत आले तेव्हा सायकलच्या कॅरिअरवर उरलेल्या कॅलेंडरांचा हा एवढा गठ्ठा बांधलेला होता. त्यांनी तो माळ्यावर टाकला.

आई म्हणाली, "काहून आणलं हे एवढं घरात?"

"कागद चांगला हाय," बाबा म्हणाले.

माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. नंतर बोलायला लागले, पण कॅलेंडराचा विषय कधीच नाही. मी ठरवून टाकलं, की बाबांना माझी लाज वाटली. ज्या पोरीने कागद वाचून दाखवला तीच लक्ष्मी होऊन भिंतीवर बसली. मी त्यांच्या जागी असते तर मलाही वाटली असती. मी दुकान सोडलं.

मुंबईला मी गेले ती दीड वर्षाने. तिथल्या एका मोठ्या कापड गिरणीचा जाहिरातवाला सीताबर्डीच्या स्टुडिओतले माझे फोटो बघून गेला होता. त्याचं पत्र आलं. मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जाय." एवढंच. आणि एक कुलूप दिलं, पेटीला लावायला. चांगलं कुलूप होतं. अजून आहे.

मुंबईतल्या आठ वर्षांबद्दल लोकांना जे ऐकायचं असतं ते माझ्याकडे नाही. बायकांच्या होस्टेलमध्ये चौघींत एक खोली, नळाला सकाळी दीड तास पाणी. पहिली तीन वर्षं साड्या, टाल्कम पावडर, एकदा प्रेशर कुकर. मग सिनेमा. सिनेमात मी नायिकेची मैत्रीण असायची. नायिकेच्या मैत्रिणीचं काम असं, की नायक आला की नायिकेला कोपराने ढोसायचं आणि हसत पळून जायचं. मी किती नायिकांना ढोसलं याची गणती नाही. एका सिनेमात मला वाक्य होतं, "अरी, वो देख कौन आ रहा है!" त्यात माझं नागपुरी हिंदी ऐकून डायरेक्टर कपाळाला हात लावून बसला आणि तेही एक वाक्य दुसऱ्या बाईच्या आवाजात भरलं. पैसे मिळायचे, उशिरा मिळायचे, मी घरी पाठवायची. वाईट वागणारी माणसं भेटली, त्याहून जास्त कंटाळवाणी भेटली. सेटवर सगळ्यात मोठं कौशल्य म्हणजे कलफाची साडी न चुरगळता सहा तास बसणं. ते मला गांधीबागेपासूनच येत होतं.

आणि मग ते काम आलं. देवीचा सिनेमा. नायिकाच देवी, म्हणजे सगळा सिनेमा तिच्यावर. मोठी नटी घ्यायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते आणि त्यांना "घरेलू चेहरा" पाहिजे होता. मी आईला पत्र लिहिलं, की देवीच्या कामासाठी मला बोलावलंय, मुख्य काम आहे, बघू काय होतं. बाबांसाठी त्यात काही लिहिलं नाही. पत्र मावशीची सून वाचून दाखवायची, आणि सगळ्या गल्लीसमोर काय लिहिणार?

मेकअपच्या चाचणीच्या दिवशी प्रॉडक्शन मॅनेजरने आधी मला अंडी, मासे, मटण बंद केलं. देवी करणाऱ्या बाईने शूटिंग संपेपर्यंत पाळायचं असतं, म्हणाला. मग विचारलं, "आपकी कुलदेवी कौन सी हैं? मुहूर्त के दिन उनका नारियल रखेंगे."

मी म्हटलं, "नहीं है."

"ऐसे कैसे नहीं है? सबकी होती है."

मी त्याला सांगितलं का नाही ते. सरळ सांगितलं, लपवण्यासारखं काय होतं? त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, "अच्छा. मुझे बताया सो बताया, और किसी को मत बताना." वाईट मनाने म्हणाला नाही. तेच जास्त लागलं.

मग सुताराने केलेले हात आले. एका फळीला दोन लाकडी हात, वर गुलाबी रंग, आणि फळीला दप्तरासारखे चामडी पट्टे. ते पाठीला आवळून बांधायचे, वरून साडी. उजव्या हाताचा खिळा सैल होता, त्यामुळे देवीचा आशीर्वाद हळूहळू खाली यायचा आणि कुणीतरी मागून तो वर करायचा. मुकुट चढला, आणि गंमत बघा, ज्या मॅनेजरने सकाळी मला उशिरा आले म्हणून झापलं होतं त्यानेच वाकून माझ्या पायाला हात लावला. लाइटवाल्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "अहो, मीच आहे." कुणी ऐकेना.

आरसा समोर होता. लाल साडी, कमळ, चार हात, तीळ. आमच्या गल्लीतली भिंत मला लख्ख दिसली, आणि उजेडाकडे वळलेले बाबा. ही आता शेठची दोनशे-तीनशे कॅलेंडरं नव्हती. हा सिनेमा गावोगाव जाणार, नागपुरातही लागणार, पोस्टर चौकाचौकात लागणार. बाबा सायकलवर किती चौक फिरतील? किती पोस्टरं उतरवून आणतील?

मी पट्टे सोडायला सांगितले. मॅनेजरला म्हटलं, घरून परवानगी नाही. तो म्हणाला, "पागल हो क्या? हीरोइन का काम है! ढूँढने से नहीं मिलता." त्याचं खरं होतं. डायरेक्टर दोनदा होस्टेलवर आला. मी नाहीच म्हटलं.

मी मोठा त्याग वगैरे केला असं कुणी समजू नये. मला फक्त बाबांचं ते न बोलणं पुन्हा नको होतं. पण एवढं मात्र मी धरून होते, की हे बाबांना कळेल तेव्हा आमच्यातला तो विषय फिटेल.

सिनेमा दुसऱ्या बाईला घेऊन झाला, आणि चालला. चांगला दणकून चालला. ती बाई त्यानंतर सहा महिने फक्त उद्घाटनं करत होती. मला मात्र "नखरेवाली" म्हणून मैत्रिणीची कामंही मिळेनाशी झाली. दीडेक वर्ष मी तग धरला आणि पेटीला ते कुलूप लावून नागपूरला परत आले. बाबा दारात होते. म्हणाले, "आली काय? जेव." त्यांनी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. सिनेमात मी नाही यावरून त्यांना कळलेलं आहे, बरं वाटलेलं आहे, आणि बाबा कुठे बोलून दाखवणार, असं समजून मी समाधानात राहिले. लग्न केलं, नवऱ्याला वीज केंद्रात नोकरी लागली, कोराडीला आलो, मुलगी झाली.

आता गेल्या जूनचं. शाळा सुरू होणार होत्या. मुलीची पाचवीची पुस्तकं आणली होती. आई आणि बाबा बसने आले होते, आणि बाबांच्या काखेत एक लांब गुंडाळी होती.

"कवर घालाले कागद आणला," म्हणाले. "बजारातला फाटते."

सोडली तर माझी कॅलेंडरं. मला वाटलं होतं, त्यांच्यावर कधीच चूल पेटली. आई म्हणाली, इतकी वर्षं गल्लीतल्या सगळ्या पोरापोरींच्या पुस्तकांना याच कागदाची कव्हरं जातात, पांढरी बाजू वर करून. शेवटची दहाबारा उरली होती. "दोन दोन वर्सं टिकते," बाबा म्हणाले. त्यांनी गिरणीत अख्खं आयुष्य कापड विणून दोन बोटांत धरून पाहिलं होतं, कागदही ते तसाच तपासत होते.

आई गहू निवडत होती. गुंडाळीकडे बघून सहज म्हणाली, "त्या देवीच्या पिच्चरले आमी अख्खी गल्ली गेलो होतो."

मी म्हटलं, "कोणत्या?"

"अवं तुह्या. तू कागद लिवला होता ना, देवीचं काम भेटून राह्यलं म्हणून. पिच्चर लागला तं तुह्या बाबानं सगळ्यायची तिकिटं काढली. मावशी, तिची सून, सारे. हालमधी लोकायनं चपला काढल्या होत्या. बाया आरत्या घेऊन आल्या होत्या. पैसे फेकत होते पडद्यावर. आन आमच्या दोन लायनी चपला घालून बसल्या, मांडीवर हात ठेवून. एक बाई म्हणे, चपला काढा ना. तं मावशी म्हणे, आमी देवी पाहाले नाई आलो, आमची पोरगी पाहाले आलो."

माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली.

"मंग?"

बाबा म्हणाले, "पयल्या सीनले देवी आली. म्हटलं मेकप केला असन. दुसऱ्या सीनले जवळून दाखवली. हनुवटीले तीळ नाई."

"आन मग उठून आलात?"

"उठून काहून येईन? तिकीट काढलं होतं."

मी विचारलं, त्या दिवशी त्यांना काय वाटलं. बाबांनी पुस्तकाची पाठ बोटांनी मोजली. मग म्हणाले, "त्यायले कळलं असन तू कोणाची. काढून टाकलं असन तुले. म्हणून आमी विषय काढला नाई. तुले कायले दुखवा?"

म्हणजे जेवढी वर्षं मी समजत होते, की मी केलेलं बाबांना कळलंय, तेवढी वर्षं बाबा समजत होते, की लोकांनी माझं काय केलं ते त्यांना कळलंय. दोघंही एकमेकांना जपत, गप्प. मला इतका संताप आला की आधी कुणावर करावा ते कळेना.

"बाबा, मला कुणी काढलं नाही. मीच नाही म्हटलं. तुमच्यासाठी नाही म्हटलं!"

"माह्यासाठी? काहून?"

"काहून? हे घ्या!" मी कॅलेंडर त्यांच्यापुढे धरलं. "ही तुम्ही घरोघर जाऊन उतरवलीत. माझ्याशी बोलला नाहीत. तुम्हाला लाज वाटली माझी."

"तुही? त्या शेठची वाटली," बाबा म्हणाले. "पोरीच्या अंगाले न विचारता हात लावले त्यानं. चित्रात लावले म्हणून काय झालं? तेच सांगाले गेलो होतो दुकानात. म्हटलं, पोरीले विचारलं काय? तो म्हणे, नाई. म्हटलं, बस, मंग कागद आन इकडे." मग म्हणाले, "आन काम म्हणशीन, तं मी मिलमधी सोवळ्याचे पंचे विणले तीस वर्सं. मले कोणी पूजा कराले लावली काय? तू तं कागद वाचून दाखवला होता. त्यात काम करू नोको असं कुठंसा होतं?"

"मग हे तेव्हाच सांगायचं होतं ना! एक पत्र टाकायचं होतं मुंबईला!"

"मले लिवता येते काय?"

"कुणाकडून लिहून घ्यायचं."

"लिवणारी तं बंबईले होती." आणि मग, सगळ्यात कहर म्हणजे, "तू तरी कुठं विचारलं मले? शेठनं तुले विचारलं नाई, तू मले विचारलं नाई."

आई गव्हातला खडा काढून बाहेर फेकत म्हणाली, "घ्या. दोघंबी एकाच साच्यावरचे."

मी उठून चहा ठेवला. दुसरं काय करणार? त्या बाईची उद्घाटनं, माझी बंद पडलेली कामं, होस्टेलचं दीड तासाचं पाणी, सगळं एका पत्रावर अडलेलं होतं, आणि ते पत्र लिहिता येणारी घरातली एकमेव व्यक्ती मी. हे मला अजून पचलेलं नाही. बाबांना पचलं असावं. ते चहा पिऊन पुन्हा कव्हरं घालायला बसले.

गणिताच्या पुस्तकाला कागद बसवताना मी विचारलं, "पांढरी बाजू वर ठेवू, की मी?"

"मले काय विचारतं?" बाबा म्हणाले. "पुस्तक तिचं हाय. तिले विचार."

मुलीला हाक मारली. तिने कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं, माझे चार हात मोजले, तीळ बघून माझ्याकडे बघितलं.

"पांढरी," ती म्हणाली. "नाहीतर नाव कुठं लिहू?"